बाबा मेहरसिंग आणि डकोटा विमाने

एअर कमोडोर मेहरसिंग यांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी लायलपूरकडे झाला. तो भाग आता पाकिस्तानात आहे. ते विमान शिकायला इंग्लंडला क्रॅनवेल येथे गेले आणि १९३६ साली हवाई दलात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात ६ नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी. ही तुकडी शत्रूच्या डोक्यावरून जाऊन त्याचे फोटो काढून आणायची. त्याबद्दल १९४४ साली त्यांना डी. एस. ओ. हे मोठे पदक मिळाले.

सगळे त्यांना बाबा म्हणत. माझ्या बहिणीला वाटले, म्हणजे ते म्हातारेच असणार. पण काश्मीरची लढाई सुरू झाली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

ती लढाई १९४७ साली, स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनच महिन्यांनी सुरू झाली. हल्लेखोर श्रीनगरच्या जवळ आले होते. रस्त्याने सैन्य न्यायचे तर फार दिवस लागले असते. म्हणून २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून डकोटा विमानांनी सैनिक श्रीनगरला उतरवले. हवाई दलाची १२ नंबरची स्क्वाड्रन आणि प्रवाशांची खाजगी डकोटा विमाने, सगळी त्या कामाला लागली. बाबांकडे पुढे काश्मीरच्या सगळ्या विमानांचे काम आले.

डकोटा हे लढाऊ विमान नव्हे. ते माणसे आणि सामान वाहणारे विमान. त्याला दोन इंजिने असतात. बॉम्ब टाकायची सोय त्यात नव्हती, तर बारा नंबरवाले बॉम्ब दारातून हाताने ढकलून देत! हे मला फार आवडले.

पुंछ नावाच्या गावाला शत्रूने चारी बाजूंनी वेढा घातला होता. आत आपले सैनिक होते आणि हजारो निर्वासित बायामाणसे, पोरेबाळे होती. धान्य संपत आले होते, औषध नव्हते. तेव्हा ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांच्या सांगण्यावरून सैनिक आणि निर्वासितांनी मिळून शेतात विमानाची पट्टी तयार केली. पट्टी अगदी आखूड. बाजूला ओढे आणि वर डोंगर, डोंगरावर शत्रू. विमान जरा पुढे गेले की संपलेच.

बाबा साहेब होते. ते दुसऱ्या कोणाला जा म्हणू शकले असते. पण डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पहिले विमान त्यांनी स्वतः उतरवले. बरोबर एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी बसले होते. मग रोज विमाने येऊ लागली. तसल्या पट्टीवर एक टन वजन न्यावे असा हिशोब होता, बाबांनी तीन टन नेले. तीन टन म्हणजे ज्वारीची तीस पोती, मी आजोबांना विचारून हिशोब केला. आमच्या बैलगाडीत एवढी पोती मावत नाहीत. पुढे तर तेलाचे दिवे लावून रात्रीसुद्धा विमाने उतरवली आणि तोफा आणल्या. परत जाताना रिकामे न जाता जखमी लोक आणि निर्वासित घेऊन जायचे. पुंछ शत्रूला मिळालेच नाही.

आता लेहचे सांगतो. लेह लडाखमध्ये आहे. तिकडे जाणारी जोजी खिंडीची वाट बंद झाली होती आणि शत्रू जवळ येत होता. लेहमध्ये आपले सैनिक अगदी थोडे होते. सोनम नोरबू या इंजिनियरांनी गावकऱ्यांना घेऊन सिंधू नदीच्या काठी वाळूत पट्टी बनवली. पण तिथे पोचायचे कसे? लेह ११,००० फुटांच्याही वर आहे. आपले कळसूबाई शिखर एकावर एक दोनदा ठेवले तरी लेह त्याहून उंच! आणि वाटेतले डोंगर त्याच्याहून उंच, म्हणून विमान २३,००० फुटांवरून न्यावे लागले. एवढ्या उंचीवर श्वास घ्यायला हवा पुरत नाही. डकोटात त्याची काही सोय नव्हती. वाटेचे नीट नकाशेही नव्हते.

२४ मे १९४८ रोजी बाबा निघाले. जनरल थिमय्या त्यांच्या विमानात बसले. विमान वाळूत नीट उतरले. तिथल्या लोकांनी कधी मोटारसुद्धा पाहिली नव्हती. म्हणून त्यांनी विमानाला खायला गवत आणून टाकले, असे सांगतात. आम्ही वर्गात खूप हसलो. पण आई म्हणाली की दमून आलेल्याला खायला दिले, त्यात हसण्यासारखे काय आहे. मग थोड्या दिवसांत डकोटांनी गुरखा सैनिक आणले आणि लेह वाचले.

बाबांनी १९४८ मध्येच हवाई दल सोडले. हे वाचून मला वाईट वाटले. त्यांना महावीरचक्र मिळाले. मार्च १९५२ मध्ये रात्री ते लहान विमानाने जम्मूहून दिल्लीला येत होते. वादळ झाले आणि विमान पडले. त्यांना ३७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. माझे वडील त्यांच्याहून मोठे आहेत.

खाली डकोटाचे चित्र काढले आहे. एक पंख लहान झाला कारण कागद संपला.

इयत्ता चौथी