संत गोन्सालो गार्सिया आणि आमचा संकोच

धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रभूच्या उपकारांचें स्मरण करीत असतां एका गोष्टीची कबुली दिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. जळगांव-धुळ्याच्या ह्या खानदेशांत आम्ही कॅथलिक लोक मूठभर आहों. नाताळांत शेजारी घरीं येतो, गव्हाणीपुढें उभा राहून हें बाळ कोण असें आदरानें विचारतो, आणि आम्ही फराळाचें ताट त्याच्यापुढें सरकवून विषय बदलतों. हें काम फादरांचें. आपण प्रापंचिक माणसें. आपणांस शास्त्र कोठें येतें. लोक काय म्हणतील, अशी आमची सबब ठरलेली असते. ह्या संकोचावर उतारा म्हणून आपल्याच महाराष्ट्रांत जन्मलेल्या एका संताचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर कोंकणांतील वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली. तेथें सुमारें १५५७ सालीं गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई ह्याच भूमीची कन्या. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील भाषा परक्यास फार कठीण. परंतु लोकांत मिसळून गोन्सालो ह्यांनीं ती उत्तम आत्मसात केली, आणि सुमारें आठ वर्षें ते धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंच्या उपयोगीं पडले.

येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी त्यांची उत्कट इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. तेव्हां ते व्यापारांत शिरले, आणि पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा व्यापार भरभराटीस आला. ज्यास देवाच्या कामांत जागा मिळाली नाहीं, त्यानें द्रव्य मिळवून स्वस्थ बसावें, ह्यांत जगाच्या दृष्टीनें कांहीं वावगें नव्हतें. सबब आयतीच तयार होती. गोन्सालो ह्यांनीं ती पुढें केली नाहीं. फिलिपाईन्समधील मनिला शहरीं त्यांनीं व्यापार सोडला आणि ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले; तेही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्यानें १५८७ सालींच धर्मगुरूंस देश सोडण्याचें फर्मान काढलें होतें. असें असतांही १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील नेमून त्याच्याकडे पाठविलें. फादरांस जपानी भाषा येत नव्हती. म्हणून दुभाष्या ह्या नात्यानें बंधु गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. क्योतो शहरीं ह्या संन्याशांनीं देऊळ बांधलें आणि महारोग्यांसाठीं इस्पितळें उघडलीं. तेथें दीनदुबळ्यांस प्रभु येशूची ओळख करून देण्याच्या कामीं गोन्सालो ह्यांच्या वाणीचा मोठा आधार होता. ते मिस्साबलिदान अर्पूं शकत नव्हते, पापनिवेदन ऐकूं शकत नव्हते. पण शेजाऱ्याशीं त्याच्या भाषेंत बोलूं शकत होते. बालपणीं कमावलेली ती जीभ देवाच्या सेवेस लागली.

१५९६ सालीं सान फेलिपे हें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्या प्रकरणांत हिदेयोशीचा राग ख्रिस्ती लोकांवर उलटला. डिसेंबरांत धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्यें चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि भर हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. वाटेंत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर ह्या सव्वीस जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. वसईचे गोन्सालो त्यांतील एक होते. सव्वीसांपैकीं सतरा जण प्रापंचिक होते, त्यांत लहान मुलेंही होतीं, ही गोष्ट आम्हीं विसरूं नये. १६२७ सालीं ह्या हुतात्म्यांस धन्य म्हणून मान मिळाला, आणि ८ जून १८६२ रोजीं परमगुरु नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेले पहिले संत ते हेच गोन्सालो गार्सिया.

ह्या रक्ताचें फळ काय, असें कोणी विचारील. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली, आणि पुढें दोनशेंहून अधिक वर्षें तेथील श्रद्धावंतांस धर्मगुरु मिळाला नाहीं. तरीही १८६५ सालीं, ह्याच सव्वीस संतांच्या नांवें नागासाकींत नुकत्याच बांधलेल्या देवळांत, जवळच्या गांवचे कांहीं शेतकरी फादर पेतिजां ह्यांजकडे आले, आणि आपलीही श्रद्धा हीच असल्याचें त्यांनीं उघड केलें. मधल्या पिढ्यांत स्नानसंस्कार कोणीं दिला? प्रार्थना कोणीं शिकविल्या? शेतकऱ्यांनीं, कोळ्यांनीं, आयाबायांनीं! हें काम केवळ फादरांचें असें त्यांनीं मानलें असतें, तर तेथील दिवा केव्हांच विझला असता.

वाचकहो, धर्माची ओळख करून देणें म्हणजे वाद घालणें नव्हे, कोणाच्या श्रद्धेची निंदा करणें नव्हे, आणि आमिष किंवा धाक दाखविणें तर मुळींच नव्हे. ज्यानें आपणांस आधार दिला त्याचें नांव विचारणाऱ्यास प्रेमानें सांगणें, एवढेंच तें काम आहे. त्यास मोठें शास्त्र लागत नाहीं; शेजाऱ्याची भाषा मात्र लागते. आमच्या शेजाऱ्यांपैकीं कित्येकांची घरची बोली अहिराणी आहे. बाजारांत सौदा करितांना ती आमच्या तोंडीं सहज येते. मग प्रभूची गोष्ट निघतांच आमची जीभ कां अडखळावी?

येत्या नाताळांत शेजारी पुन्हां आमच्या गव्हाणीपुढें उभा राहील. फराळाचें ताट अवश्य पुढें करूं. पण त्याआधीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर देऊं. त्या कामीं संत गोन्सालो ह्यांची मध्यस्थी आम्हां सर्वांस लाभो.