दादासाहेब फाळक्यांनी तयार मूकपटाला नंतर आवाज जोडला. घरी फायबर घ्यायच्या आधी हा किस्सा वाचाच

नाशिकमध्ये कॉलेज रोड असो, इंदिरानगर असो नाहीतर पंचवटीतला जुना वाडा, सध्या घरोघरी एक चर्चा ठरलेली आहे. जुना प्लॅन ठेवायचा की जास्त स्पीडचं फायबर घ्यायचं? आणि फायबर घेतलंच, तर राउटर, वायर, सगळंच बदलायचं का?

नवीन तंत्रज्ञान दारात आलं की किती खर्च करायचा आणि कुठे करायचा, हा प्रश्न काही आजचा नाही. याच नाशिकच्या एका माणसाला तो आयुष्यात दोनदा पडला. पहिल्यांदा त्याने सगळं पणाला लावलं आणि इतिहास घडवला. दुसऱ्यांदा मात्र गणित जमलं नाही.

तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. पोराने शास्त्र शिकावं, भिक्षुकी करावी अशी घरची रीत, पण धुंडिराजचा जीव रमायचा चित्रात. म्हणून मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि पुढे बडोद्याचं कलाभवन झालं. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, काही म्हणून सोडलं नाही.

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगची साथ आली आणि पत्नी आणि मूल दोघंही गेले. पुढे दुसरं लग्न झालं, सरस्वतीबाई घरात आल्या. पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती सोडून छपाईचा धंदा सुरू केला. १९०९ मध्ये तर नवी यंत्रं बघायला ते थेट जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, शेवटी तेही सोडलं.

चाळिशी गाठलेली, हातात काम नाही, घरात लहान पोरं. अशात १९१०-११ च्या सुमारास गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आणि डोक्यात बसलं की आपल्या राम-कृष्णाच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या.

आता इथे लक्ष द्या. फाळक्यांनी लगेच कॅमेरा विकत घेतला नाही.

आधी ते रोज चार-पाच तास सिनेमे बघत बसले. फिल्म कशी फिरते, पडद्यावर उजेड कसा पडतो, चित्र हलतं कसं, सगळं समजून घेतलं. जागरणं इतकी झाली की काही काळ दिसायचंच बंद झालं. उपचारांनी नजर परत आली. मग १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १० हजार रुपयांचं कर्ज उभं केलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं.

लंडनमध्ये त्यांनी फक्त कॅमेरा पाहिला नाही. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ बघितला, चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचं काम शिकून घेतलं. मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र, अशी सगळी खरेदी केली. कारण ती भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नाही. कॅमेरा कितीही भारी असला तरी हे एक यंत्र नसतं, तर सगळा खर्च वाया गेला असता.

दादरच्या घरात अंधारी खोली तयार झाली. भोकं पाडायचं आणि फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसभर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात फिल्म, असा त्यांचा दिनक्रम होता.

तरीही मोठा सिनेमा लगेच नाही. आधी एक छोटा प्रयोग. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवताना महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोपटं बघता बघता वाढताना दिसलं आणि पैसे लावणाऱ्यांना विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामाला लागले.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

त्याच वर्षी फाळके आपला पसारा घेऊन नाशिकला आले. इथे नदी होती, घाट होते, डोंगर होते, देवळं होती. ‘मोहिनी भस्मासूर’ इथेच झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये ते सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून सिनेमे करायचं बोलणं झालं, पण नाशिकची माणसं वाऱ्यावर सोडायची नव्हती, म्हणून ते परत आले. पुढे ‘लंकादहन’ आला. १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी छोटा कृष्ण झाली. मध्येच भागीदारांशी खटके उडाले, फाळके काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी पुन्हा कंपनीत आले.

आणि मग आला दुसरा प्रश्न.

१४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. पडद्यावरची माणसं बोलायला आणि गायला लागली. लोक वेडे झाले.

फाळके तेव्हा ‘सेतुबंधन’ या मूकपटात गुंतले होते. हा सिनेमा पैशाअभावी रखडला होता. तो पुरा होईपर्यंत मूकपट बघायला कोणी येईना. आता करायचं काय? पुन्हा पहिल्यापासून बोलपट करायचा तर पैसा नाही. तसाच लावायचा तर प्रेक्षक नाही. शेवटी इराणींच्या मदतीने तयार सिनेमाला वरून आवाज जोडायचं ठरलं. त्याला तेव्हाचे सुमारे ४० हजार रुपये लागले. १९१२ मध्ये काढलेल्या कर्जाच्या हे चौपट झाले, आणि तेही फक्त आवाजाला.

अडचण काय होती, तर बोलपट म्हणजे मूकपट अधिक आवाज, इतकं ते सोपं नसतं. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग साधारण सेकंदाला सोळा-अठरा चित्रं, कमीजास्त झाला तरी चालायचं. बोलपटात वेग चोवीसवर पक्का, नाहीतर आवाज बिघडतो. कॅमेऱ्याची खडखड चालत नाही. नटाला बोलता आणि गाता यावं लागतं. थिएटरमध्ये लाउडस्पीकर लागतो. ‘आलम आरा’चा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री उशिरा शूटिंग करावं लागायचं. थोडक्यात, आवाज आणायचा तर सगळी साखळीच बदलावी लागत होती.

त्याच काळात कोल्हापुरात प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोष्ट कुणाची? हरिश्चंद्राचीच. पण हा सिनेमा पहिल्या दिवसापासून बोलपट म्हणूनच तयार झाला होता, आणि तो गाजला.

फाळक्यांना हा फरक कळला नसेल असं म्हणणं चुकीचं ठरेल. माणूस आयुष्यभर यंत्रांत रमलेला. फक्त या वेळी हातात पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्यांनी ‘गंगावतरण’ केला. १९३७ मध्ये तो आला. खर्च सुमारे अडीच लाख आणि फाळक्यांचं वय सदुसष्ट. सुरुवातीपासून बोलपट म्हणून केलेला हा त्यांचा एकमेव सिनेमा आणि शेवटचाही. नंतर ते नाशिकलाच राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच गेले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.

आता या सगळ्याचा तुमच्या फायबरशी काय संबंध?

तर तुमच्या घरचं इंटरनेट ही पण साखळीच आहे. बाहेरून आलेली लाइन, राउटर, वायर, वायफाय आणि शेवटी तुमचा फोन. यातली जी कडी सगळ्यात कमजोर, तितकाच स्पीड तुमच्या हातात. बऱ्याच स्वस्त राउटरवर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं, पण मागचा पोर्ट फक्त १०० चा असतो. त्यावर ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे मूकपटाला वरून आवाज जोडणं.

म्हणून फाळक्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला, तसा आधी छोटा प्रयोग करा. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि स्पीड बघा. मग तोच स्पीड वायफायवर आधी राउटरजवळ आणि नंतर शेवटच्या खोलीत बघा.

वायरवर प्लॅनइतका स्पीड मिळतोय पण आतल्या खोलीत नाही, तर दोष लाइनचा नाही. जुन्या वाड्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात. राउटर घराच्या मध्यावर आणा, नाहीतर आत एक वायर ओढून दुसरा वायफाय पॉइंट बसवा. मोठा प्लॅन असूनही वायरवर स्पीड शंभरच्या आसपासच अडकतोय, तर राउटरचा पोर्ट किंवा वायर बदला. सगळं ठीक आहे आणि घरात दोघं-तिघं सिनेमे बघतात, एखादा घरून काम करतो, तर शंभरचा प्लॅनही पुरतो, कारण ४के व्हिडिओला साधारण २५ एमबीपीएस लागतात. तरीही कमी पडत असेल, तर खुशाल मोठा प्लॅन घ्या, पण साखळीतली प्रत्येक कडी तेवढा स्पीड पेलते का हे बघूनच पैसे भरा.