पाणी बाहेर काढले आणि धागा निघाला: वॉलेस कॅरोदर्स

दात घासायच्या ब्रशचे केस नायलॉनचे, बाजारातली पातळ पिशवी पॉलिथिनची. आपण दोन्हींना ‘प्लास्टिक’च म्हणतो, पण त्यांचे रेणू दोन वेगळ्या रीतींनी जुळलेले असतात. ही विभागणी १९२९ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स यांनी मांडली.

जन्म १८९६ चा, आयोवातल्या बर्लिंग्टनचा. हार्वर्डमध्ये शिकवत असताना ड्यूपाँट कंपनीने त्यांना बोलावले. आपल्याला नैराश्याचे झटके येतात, हे सांगून त्यांनी आधी नकारच दिला होता. १९२८ मध्ये ते विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

रबर, रेशीम यांचे रेणू खरोखर लांब साखळ्या असतात की लहान रेणूंचे पुंजके, यावर तेव्हा वाद होता. कॅरोदर्स यांनी सरळ मार्ग धरला: ओळखीच्याच अभिक्रियांनी साखळी स्वतः बांधून बघायची.

समावेशन पॉलिमरमध्ये लहान रेणूतला दुहेरी बंध उघडतो आणि रेणू एकमेकांना जोडले जातात. बाहेर काहीच पडत नाही. पॉलिथिन, पीव्हीसी ही याच जातीची. संघनन पॉलिमरमध्ये रेणूच्या दोन्ही टोकांना जुळणारे गट असतात आणि दर जोडणीला पाण्यासारखा एखादा लहान रेणू बाहेर पडतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन असे बनतात.

खरी अडचण या पाण्याचीच होती. ते तिथेच राहिले तर अभिक्रिया उलटी फिरते आणि साखळी वाढत नाही. म्हणून निर्वात उपकरणात तापवून पाणी सतत काढून घेतले गेले. १९३० मध्ये सहकारी ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या पॉलिएस्टरमधून लांब धागा ओढला. थंड झाल्यावर ताणला तर तो आणखी मजबूत झाला. त्याच महिन्यात त्यांच्या गटाला निओप्रीन हे कृत्रिम रबरही मिळाले, ते मात्र समावेशन पद्धतीचे.

पॉलिएस्टरचा तो धागा गरम पाण्यात टिकेना, कपड्याला काय उपयोग! पाच वर्षांच्या खटपटीनंतर, २८ फेब्रुवारी १९३५ ला, उष्णतेला टिकणारे नायलॉन तयार झाले. त्याच्या दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन, म्हणून नाव नायलॉन ६,६.

आजार मात्र हटला नाही. जानेवारी १९३७ मध्ये बहीण गेली. २९ एप्रिलला, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, कॅरोदर्स यांनी फिलाडेल्फियात आयुष्य संपवले. मुलगी त्यांच्या पश्चात जन्मली. १९३८ मध्ये नायलॉन प्रथम दुकानात आले ते दातांच्या ब्रशचे केस म्हणून. बायकांचे लांब मोजे १९४० मध्ये.