प्लेगशी झुंजलेला संशोधक : डॉ. वाल्डेमार हाफकिन

पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरील औषध यांमुळे परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ठाणे-कल्याण परिसरातील पालकांना परिचित आहे. परंतु ज्या शास्त्रज्ञाचे नाव ही संस्था धारण करते, त्याचा जीवनसंघर्ष आजच्या पिढीला क्वचितच ठाऊक असतो.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विख्यात जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे ते शिष्य होते. विद्वत्ता असूनही केवळ ज्यू म्हणून त्यांना प्राध्यापकपद नाकारण्यात आले. धर्मांतर केल्यास मार्ग मोकळा झाला असता; ते हाफकिन यांनी मान्य केले नाही. मायभूमी सोडून ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, तेही साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. ग्रंथालय सांभाळतच त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते कलकत्त्यास आले. अल्पावधीत देशभरात ४० हजारांहून अधिक लोकांना त्यांची लस टोचण्यात आली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा हा रोग फुप्फुसांत शिरला, की रुग्णाच्या श्वासातूनही दुसऱ्याला ग्रासतो. भयभीत झालेले लाखो लोक शहर सोडून निघाले. ज्या लोहमार्गावरून १८५३ मध्ये पहिली गाडी ठाण्यास आली होती, त्याच मार्गाने लोकांबरोबर रोगही पसरू लागला. कल्याणहून रुळांचे दोन फाटे होतात, एक पुण्याकडे आणि दुसरा नाशिककडे. ठाणे जिल्हाही या साथीतून सुटला नाही.

सरकारच्या विनंतीवरून ऑक्टोबरमध्ये मुंबईत आलेल्या हाफकिन यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच साहाय्य मिळाले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले आणि त्यांपासून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची मोठी मात्रा त्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण काम थांबले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना पुण्यात मरण आले. एकाच साथीत, एकाच वर्षी, या दोघांनी आपला देह पणाला लावला होता.

लशीविषयी जनमानसात मोठा संशय होता. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या समाजाचे भय घालविले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी घोर दुर्घटना घडली. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी मंडळाने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. हाफकिन पुराव्यानिशी लढत राहिले. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मात्र परळचे पद त्यांना पुन्हा मिळाले नाही. कलकत्त्यास काम करून त्यांनी निवृत्ती घेतली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

जन्मामुळे एक दार बंद झाले, आरोपामुळे दुसरे. तरी या संशोधकाने ना आपली ओळख टाकली, ना आपले शास्त्र. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी कधी परळला गेल्यास त्या संस्थेच्या दाराशी क्षणभर थांबावे आणि तिच्या नावामागच्या माणसाचे स्मरण करावे.