एव्हारिस्त गाल्वा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस येथील एकोल पॉलिटेक्निक हे विद्यालय फ्रान्समध्ये फार मानाचे गणले जाई. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी कठीण परीक्षा द्यावी लागे. परीक्षक प्रश्न घाली आणि उमेदवाराने फळ्यापाशी उभे राहून त्याचे उत्तर पायरीपायरीने मांडावयाचे, अशी तिची रीत होती. या परीक्षेने पुष्कळ गुणी माणसे निवडली, हे कबूल केलेच पाहिजे. १७९८ साली तीत पहिला आलेला प्वासाँ आणि १८०५ साली दुसरा आलेला कोशी हे दोघेही पुढे थोर गणिती झाले. परंतु त्यांच्याच पंक्तीत आज ज्याचे नाव घेतले जाते, त्या गाल्वाला मात्र तिने दोनदा परत पाठविले!

एव्हारिस्त गाल्वाचा जन्म पॅरिसनजीकच्या बूर-ला-रेन या गावी २५ ऑक्टोबर १८११ रोजी झाला. त्याचे वडील पुढे त्या गावचे नगराध्यक्ष झाले. बाराव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण आईजवळच झाले. नंतर तो पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या शाळेत दाखल झाला. तेथे लेजांद्रचा भूमितीवरील ग्रंथ त्याच्या हाती आला आणि त्याला गणिताचे वेड लागले. पाठ्यपुस्तके बाजूस सारून तो लाग्रांजसारख्या आचार्यांचे मूळ लेखन वाचू लागला. इतर विषयांकडे मात्र त्याचे दुर्लक्ष होई, त्यामुळे शिक्षकांना तो विक्षिप्त वाटे.

१८२८ साली नेहमीची तयारी पुरी न करता, एक वर्ष आधीच तो प्रवेशपरीक्षेस बसला व अनुत्तीर्ण झाला. हे अपयश अगदीच अन्यायाचे होते, असे म्हणता येत नाही. त्यानंतर रिशार नावाचे शिक्षक त्याला लाभले. त्यांनी त्याची योग्यता ओळखली. १८२९ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. पण जुलैमध्ये घरावर वज्राघात झाला. विरोधकांनी केलेल्या बदनामीने खचून जाऊन वडिलांनी आपल्या जीविताचा अंत केला. हे दुःख ताजे असतानाच गाल्वा दुसऱ्यांदा परीक्षकांपुढे उभा राहिला. मधल्या पायऱ्या मनातच ओलांडून एकदम उत्तरावर येण्याची त्याची सवय होती; परीक्षकाला तर पायऱ्याच पाहावयाच्या होत्या. संतापून त्याने फळा पुसण्याची वस्तू परीक्षकावर फेकली, अशी आख्यायिका आहे. पण तिला भक्कम आधार नाही. तो पुन्हा अनुत्तीर्ण झाला, एवढे खरे. तिसरी संधी नियमात नव्हती.

निरुपायाने त्याने शिक्षक तयार करणाऱ्या दुसऱ्या विद्यालयात प्रवेश घेतला. त्यासाठी दिलेल्या परीक्षेत गणिताच्या परीक्षकाने त्याची मांडणी दुर्बोध, पण बुद्धी संशोधकाची आहे, असा अभिप्राय दिला. पदार्थविज्ञानाच्या परीक्षकाला मात्र त्याला काहीच येत नाही असे दिसले. एकाच मुलाविषयीची ही दोन मते!

कोणते समीकरण मुळांच्या साहाय्याने सुटेल व कोणते सुटणार नाही, हे ओळखण्याची कसोटी गाल्वाने शोधून काढली होती. १८३० साली विज्ञान अकादमीकडे धाडलेला त्याचा निबंध फूरिये यांच्या मृत्यूनंतर गहाळ झाला. १८३१ साली त्याने तो पुन्हा लिहून दिला. या वेळी तो तपासणारा प्वासाँ होता. त्याला तो समजला नाही व निबंध परत आला.

त्याच सुमारास प्रजासत्ताकाच्या चळवळीत पडल्यामुळे गाल्वाला विद्यालयातून काढून टाकण्यात आले आणि पुढे कारावासही घडला. ३० मे १८३२ रोजी एका द्वंद्वयुद्धात त्याला गोळी लागली. आदल्या रात्री त्याने आपले शोध एका दीर्घ पत्रात लिहून शव्हालिये या मित्राच्या हवाली केले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्या वेळी तो अवघा वीस वर्षांचा होता.

मित्राने ते कागद जपून ठेवले. अखेर लिऊव्हिल या गणित्याने ते बारकाईने अभ्यासले आणि १८४६ साली आपल्या नियतकालिकात छापले. हा लिऊव्हिल एकोल पॉलिटेक्निकची तीच प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला होता, आणि त्या वेळी तो त्याच विद्यालयात प्राध्यापक होता.