संगीतसूर्य केशवराव भोसले : स्पर्धेतून सहकार्याकडे

गावातील संगीताला ऊर्जितावस्था यावी, बँड पथके, सनईवादक, हलगीवाले आणि भजनी मंडळे यांना आपले गुण दाखविण्याची संधी मिळावी, एतदर्थ स्थानिक वादकांच्या स्पर्धा भरविण्याची कल्पना अलीकडे अनेक ठिकाणी निघत असते. लग्नकार्यात आणि मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहू लागल्यापासून पिढीजात वादकांच्या पोटावर पाय आला आहे, हे सर्वांना दिसते आहे. म्हणून अशा योजनेमागील हेतू स्तुत्यच मानला पाहिजे. परंतु स्पर्धा म्हटली की बक्षीस आले, बक्षीस आले की पक्ष आले, आणि पक्ष आले की ज्या कलेसाठी हा खटाटोप ती बाजूलाच राहते, असाही अनुभव येतो. तेव्हा स्पर्धा कशी असावी, तिने कोणाचे भले व्हावे, या प्रश्नाचे उत्तर ज्याने आपल्या उण्यापुऱ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात कृतीने देऊन ठेवले, त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे चरित्र या वर्षीच्या स्मरणिकेत आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विठ्ठलराव हे वैद्यकी करीत. त्यांचे छत्र लवकरच हरपले आणि मातोश्री जानकीबाई यांच्यावर संसाराचा सारा भार पडला. घरात मिळकत नाही आणि पदरी लहान मुले, अशा अवस्थेत त्या माउलीने आपला कोवळा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीच्या स्वाधीन केला. नाटक मंडळीत मूल देणे ही त्या काळी मानाची गोष्ट नव्हती. नाटकवाला म्हटले की सभ्य गृहस्थ नाक मुरडीत. तथापि पोटाची गरज आणि मुलाच्या गळ्यातील सूर या दोहोंपुढे लोकापवादाचे काही चालले नाही. त्या मंडळीत जांभेकरबुवांच्या हाताखाली केशवरावांचे गाण्याचे शिक्षण झाले. शाळेची पाटी फारशी हाती आली नाही, पण तालासुरांची बाराखडी मात्र पक्की झाली.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट चालीवर प्रहार करणाऱ्या या नाटकातील शारदेची भूमिका पुढे बाल केशवरावांकडे आली आणि तिने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. बापाच्या लोभापायी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती असहाय मुलगी रंगविताना पितृसुखाला पारख्या झालेल्या या मुलाला अभिनय वेगळा शिकवावा लागला नसेल, असे आम्हांस वाटते. त्यांचा आवाज तीव्र आणि निकोप होता, तान पल्लेदार होती, आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचत असे.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी मुक्कामी केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. त्या दिवशी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते! ज्या वयात मुले घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवावर निर्धास्त असतात, त्या वयात नटांचे पगार, मुक्कामाची जेवणखाणे, पडदे-पेट्यांची वाहतूक आणि गावोगावच्या थिएटरांची भाडी यांचा हिशेब या तरुणाने शिरावर घेतला. हिराबाई पेडणेकर या महिला नाटककार. त्यांचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकर यांची 'हाच मुलाचा बाप' व 'संन्याशाचा संसार' ही नाटके याच मंडळीने केली. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या बुजुर्ग गवयाची तालीम केशवरावांना लाभली आणि मंडळीच्या पदांना त्यांच्या चालीही मिळाल्या. मालक झाल्यावरही शिकणे थांबवू नये, हा धडा केशवरावांनी आपल्या वर्तनाने घालून दिला.

येथे कोल्हापूरच्या त्या काळच्या परिस्थितीकडे दृष्टी टाकणे अवश्य आहे. झाड कितीही जातिवंत असले तरी त्याला माती लागते. ती माती राजर्षी शाहू महाराजांनी तयार केली होती. गायनमहर्षी अल्लादिया खाँसाहेब यांना त्यांनी १८९५ साली दरबारी गायक म्हणून ठेवून घेतले, आणि त्यांच्या गायकीचा परिमळ कोल्हापुरातील श्रोत्यांच्या कानी बसला. कुस्तीसाठी १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान सिद्ध झाले, आणि त्याच्या लगतच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू याच नगरीत नाटकांचे पडदे रंगवीत होते. पुढे बाबूरावांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. हार्मोनियमवर लीलया बोटे फिरविणारे गोविंदराव टेंबे हेही कोल्हापूरच्याच संस्कारात वाढले. गवई, नट, चित्रकार, वादक आणि मल्ल हे सर्व एकाच गावात, एकमेकांच्या नजरेसमोर वाढत होते. त्यांत हिंदू होते तसे मुसलमान होते, आणि जातींची तर गणतीच नव्हती. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. कारण कोणत्याही एका ज्ञातीच्या बळावर एवढे वैभव उभे राहिले नसते.

शाहू महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनी खासबागेच्या उघड्या मैदानात देवलांच्या 'मृच्छकटिका'चा प्रयोग केला. डोक्यावर छप्पर नाही, ध्वनिक्षेपक नाही, समोर हजारोंचा समुदाय. त्यांत ज्यांनी थिएटराची पायरी कधी चढली नव्हती असे कष्टकरी लोकही होते. एवढ्या जनसागरापुढे मानवी कंठ तो केवढा! परंतु केशवरावांचा आवाज त्या कसोटीला उतरला. दरबाराच्या आणि तिकिटाच्या भिंती ओलांडून गावाची कला गावाच्या स्वाधीन करावी, ही दृष्टी महाराजांची. ती पेलण्याचे सामर्थ्य केशवरावांचे.

आता केशवरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे वळू. त्या काळी संगीत रंगभूमीवर नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे साम्राज्य होते. केशवरावांपेक्षा ते दोन वर्षांनी वडील. भास्करबुवा बखले यांचे ते शिष्य. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. शाहू महाराजांचा लोभ त्यांच्यावरही होता. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ आणि रसाळ. केशवरावांचे गाणे तेजस्वी आणि पल्लेदार. रसिकांत दोन तट पडले होते. या तटातील माणूस त्या मंडळीच्या प्रयोगाला नावे ठेवी आणि त्या तटातील या मंडळीच्या. घराघरांतून वाद होत. व्यवहार पाहिला तर दोन्ही मंडळ्या एकाच प्रेक्षकाच्या खिशाकडे पाहून जगत होत्या. अशा दोन प्रतिस्पर्धी मालकांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते तरी कोणास नवल वाटले नसते.

परंतु घडले ते विपरीत. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांच्या नावे महात्मा गांधींनी एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारण्याचा संकल्प सोडला. त्या फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग करावा असे ठरले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले होते आणि त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या होत्या. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव, अशी योजना झाली.

यात केशवरावांनी केवढे धाडस पत्करले याचा विचार वाचकांनी करावा. 'मानापमान' हे नाटक बालगंधर्वांच्या नावाशी एकजीव झालेले होते. त्यातील भामिनी प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेली होती. अशा नाटकात उभे राहणे म्हणजे दुसऱ्याच्या आखाड्यात उतरणे होते. प्रयोग फिका पडता तर हसे एकट्या केशवरावांचे झाले असते, आणि ललितकलादर्शच्या नावाला, पर्यायाने मंडळीतील सर्वांच्या उदरनिर्वाहाला, धक्का बसला असता. बालगंधर्वांचे औदार्यही थोडे नव्हे. ज्याचे राज्य निर्विवाद आहे त्याने आपल्या सिंहासनाशेजारी प्रतिस्पर्ध्याला आसन द्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. दोघांनीही आपला मान बाजूस ठेवला, म्हणून तो 'मानापमाना'चा प्रयोग होऊ शकला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा प्रयोग झाला. प्रेक्षकांत दोन्ही तटांचे लोक होते आणि कोण कोणावर मात करतो हे पाहण्यास ते उत्सुक होते. परंतु रंगमंचावर मात कोणीच कोणावर केली नाही. एकाच्या गाण्याने दुसऱ्याच्या गाण्याला चेव आला. धैर्यधराची पदे अशा तेजाने निघाली की गंधर्वपक्षाच्या रसिकांनाही केशवरावांना दाद द्यावी लागली, आणि भामिनीची पदे ऐकताना केशवरावांच्या चाहत्यांनाही बालगंधर्वांचे मोठेपण मान्य करावे लागले. निकाल लागला नाही, कारण निकाल लावण्यासाठी ते दोघे उभेच राहिले नव्हते. स्वराज्य फंडाला मोठी रक्कम मिळाली आणि महाराष्ट्राला एक आठवण मिळाली. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही 'संयुक्त मानापमान' हे दोन शब्द मराठी माणसाच्या ओठांवर आहेत.

दैवाला मात्र हे सुख पाहवले नाही. त्या प्रयोगाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच विषमज्वराने केशवरावांना गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. संयुक्त प्रयोगाची गोष्ट पुढच्या हंगामावर ढकलली गेली असती तर ती कधीच घडली नसती, हा विचार मनाला चटका लावतो. मागे राहिलेली ललितकलादर्श मंडळी बापूराव पेंढारकर यांनी निष्ठेने चालविली आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तिचे नाव राखले. सतरा वर्षांच्या मुलाने लावलेले रोप त्याच्यामागे अनेक दशके फुलत राहिले.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटराला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी जेथे त्यांच्या स्मृतीला फुले वाहायची, तेथे राख होती. ते दृश्य पाहून गावातील आबालवृद्ध हळहळले, अनेकांना रडू कोसळले, आणि ती वास्तू होती तशीच पुन्हा उभारावी असा ध्यास नगरीने घेतला. ज्या गावाला आपल्या रंगमंचासाठी रडू येते, त्या गावातील कला मेली नाही असे खुशाल समजावे.

तेव्हा ज्यांना आपापल्या गावी वादकांची आणि गायकांची स्पर्धा भरवावयाची आहे, त्यांनी या चरित्रातून काही गोष्टी अवश्य उचलाव्यात. पहिली ही की, स्पर्धेला स्वतःपलीकडचा हेतू असावा. जमलेला पैसा एखाद्या वृद्ध वादकाच्या औषधपाण्यास, होतकरू मुलाच्या शिक्षणास अथवा गावच्या सभागृहाच्या दुरुस्तीस द्यावा आणि तो हिशेब चारचौघांत मांडावा. दुसरी ही की, जागा अशी निवडावी की जेथे गरिबातला गरीबही येऊन बसू शकेल. खासबागेचे मैदान डोळ्यांपुढे ठेवावे. तिसरी ही की, दोन पथके आळीपाळीने वाजवून झाल्यावर शेवटी त्यांना एकत्र वाजवावयास लावावे. पहिला क्रमांक कोणाचा हे लोक वर्षभरात विसरतात, परंतु वैरी म्हणविणारे दोघे एका सुरात वाजले ही गोष्ट ते नातवंडांना सांगतात.

केशवरावांना दीर्घायुष्य लाभले नाही, संपत्ती लाभली नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभे राहून आपले गाणे अधिक उजळ करण्याचे मोठेपण त्यांना लाभले होते. ते मोठेपण आमच्या मुलाबाळांत थोडे जरी उतरले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. त्या संगीतसूर्याच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो!