कॅमेरा घडविणारा कलामहर्षी

कोल्हापुरात कारागिरांच्या मेस्त्री घराण्यात 3 जून 1890 रोजी बाबूरावांचा जन्म झाला. चित्रकला व मूर्तिकला या विद्या त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संपादन केल्या. आनंदराव हे त्यांचे वडील चुलतभाऊ. दोघे भाऊ नाटकमंडळींसाठी पडदे रंगवीत. त्यांच्या कुंचल्यातून उतरलेले राजवाडे आणि अरण्ये पाहून प्रेक्षक थक्क होत. पुढे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पडद्यावर आला. आपणही चित्रपट काढावा, असा ध्यास या भावांना लागला. परंतु त्यासाठी हवा कॅमेरा. आणि तो तर परदेशातून येणारा, महागडा! गाठी पैसा नव्हता. होते ते हातांतील कसब. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावा, असा निश्चय त्यांनी केला. चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मुंबईहून मिळवून त्यांनी त्याच्या रचनेचा अभ्यास आरंभिला.

हे काम मोठे कठीण होते. चलच्चित्र म्हणजे एकापाठोपाठ एक घेतलेली असंख्य स्थिर चित्रे. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे आणि एका सेकंदात सुमारे 16 चित्रे घेतली जात. प्रत्येक चित्राच्या वेळी फिल्म क्षणभर निश्चल राहिली पाहिजे. मग झडप मिटली पाहिजे आणि त्या अंधारातच फिल्म नेमकी एक घर पुढे सरकली पाहिजे. झडप उघडी असताना फिल्म किंचित जरी हलली, तरी चित्र फिसकटते. दाते, चक्रे, झडप या सर्वांचा मेळ तंतोतंत जुळावा लागतो.

हा मेळ साधण्याची खटपट चालू असतानाच, 1916 साली आनंदरावांना मृत्यूने गाठले. बाबूरावांवर आकाशच कोसळले. ज्याच्या सोबतीने स्वप्न पाहिले तो बंधू गेला आणि यंत्र अपुरे राहिले. दुसरा एखादा हातपाय गाळून बसला असता. पण भावाचे अपुरे कार्य तडीस नेणे हेच बाबूरावांनी आपले कर्तव्य मानले. विष्णुपंत दामले या कुशल शिष्याच्या साहाय्याने ते पुन्हा कामास लागले आणि 1918 साली कॅमेरा सिद्ध झाला.

गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. या कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट 1920 साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता, की तो पाहून प्रेक्षकांचा थरकाप उडाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' या पदवीने गौरव केला.

पुढे 1925 साली 'सावकारी पाश' या चित्रपटात त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची व्यथा मांडली. दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि 1929 साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'प्रभात' कंपनी स्थापन केली. 16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव निवर्तले. लोक त्यांना 'कलामहर्षी' म्हणून ओळखतात.

साधने नाहीत म्हणून अडून बसणारे पुष्कळ असतात. साधनही स्वतःच घडवून कार्य सिद्धीस नेणारा एखादाच असतो. बाबूराव अशांपैकी एक होते.